कोकमाच्या बाटलीत कोकम किती? पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची कशी

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशभरातल्या खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने, एक आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात 'ओआरएस' (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) ही अक्षरं यापुढे वापरायची नाहीत, मागेपुढे आणखी शब्द चिकटवूनही नाहीत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यासाठी कित्येक वर्षं भांडत होत्या.

ते सूत्र असं: लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट. जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं असताना एवढी साखर आतड्याला पाणी शोषून घ्यायला मदत करते. साखर फार झाली तर आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. नावात ओआरएस मिरवणारी फळांच्या चवीची खोकी या सूत्रापेक्षा कितीतरी गोड होती, आणि औषधाच्या दुकानात खऱ्या पुडीशेजारीच मांडलेली असत. घाईत आलेल्या आईबापांनी कुठलं उचललं असेल?

यातली खरी मेख अशी की त्या खोक्यांवर सगळं लिहिलेलं होतं. साखरेचा आकडा होता. 'हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही' अशी सूचनाही २०२२ पासून छापावी लागत होती. पुढे मोठ्या अक्षरात एक आणि बारीक अक्षरात त्याच्या उलट दुसरं. कायदा पाळला गेला आणि गिऱ्हाईक फसलं, दोन्ही एकाच खोक्यावर.

म्हणून हा लेख त्या बारीक अक्षरांबद्दल. कोकणातल्या घरात जे रोज येतं किंवा हायवेवरच्या टपरीवरून चाकरमानी मुंबईला घेऊन जातात, त्याच वस्तू हातात धरून पाहू.

यादीचा क्रम वजनाने लागतो

एफएसएसएआयच्या लेबलविषयक २०२०च्या नियमांनुसार बंद पाकिटातल्या पदार्थाचे सगळे घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पदार्थ बनवताना जो घटक वजनाने किंवा मापाने सर्वांत जास्त घातला, तो पहिला. वर्षाचा मालवणी मसाला करायचा म्हणून वाण्याला यादी देतो तसंच हे: आधी मिरची किलोवर, मग धणे, आणि नागकेशर, जायपत्री, हिंग अगदी शेवटी. ती यादी ऐकूनच वाणी ओळखतो की मसाला तिखट होणार की नाही.

आता कोकम सरबताची बाटली फिरवा. बहुतेक बाटल्यांवर पहिला शब्द असतो शुगर. कोकम त्याच्यानंतर. यात लबाडी काही नाही, अमृत कोकम करायची रीतच तशी आहे: ताज्या सालींच्या साधारण दुप्पट साखर. साखरच ते टिकवते. फक्त 'कोकम पितोय, पित्तावर बरं' म्हणत दिवसाला चार ग्लास रिचवणाऱ्या मधुमेही काकांना ही यादी कुणीतरी वाचून दाखवायला हवी. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घेतलं तर साखर टळते, पण तिथे मीठ भरपूर असतं आणि रक्तदाबवाल्यांनी ते जपून घ्यायला हवं.

फळांच्या सिरप किंवा स्क्वॉशमध्ये किमान २५ टक्के फळांचा रस असावा लागतो. थेट प्यायच्या आंब्याबिंब्याच्या बाटल्यांना १० टक्केही पुरतात. आणि बाटलीवर कुठेतरी 'सिंथेटिक सिरप' असं दिसलं, तर चित्रातल्या फळाची आशा सोडावी.

चित्रात काजू, आत किती?

याच नियमांत ग्राहकाच्या फायद्याची एक तरतूद आहे आणि तिच्याकडे फार कुणी पाहत नाही. नावात, शब्दांत किंवा चित्रात एखाद्या घटकाचा गाजावाजा केला असेल, तर तो किती टक्के आहे हे छापावं लागतं. पुढे काजूचा ढीग दाखवणाऱ्या बिस्किटाच्या यादीत 'कॅश्यू'च्या कंसातला आकडा शोधा. तो बऱ्याचदा एक आकडी असतो आणि कधी दशांश चिन्हानंतरच सुरू होतो. ज्या वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या मुलखातल्या माणसाने तरी चित्रावर भुलू नये.

'मल्टिग्रेन' शब्दाचंही तसंच. यादीत पहिलं 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' असेल तर ते मैद्याचंच बिस्कीट आहे, नाचणी-ओट त्यात नुसते डोकावून गेलेत. 'होल व्हीट' किंवा आटा पहिला आला तर गोष्ट वेगळी.

साखरेची मात्र एक हुशारी असते. ती एकाच नावाने आली तर पहिल्या क्रमांकावर दिसेल. म्हणून ती फुटून येते: थोडी शुगर, थोडं लिक्विड ग्लुकोज, थोडं इन्व्हर्ट सिरप, थोडं डेक्स्ट्रोज. प्रत्येकाचं वजन वेगळं धरलं की सगळेच यादीत खाली सरकतात. गूळ आणि मधही याच घराण्यातले, पाकिटावर कितीही सात्त्विक दिसले तरी. माल्टोडेक्सट्रिन चवीला फारसं गोड लागत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. यादीत असे तीन-चार चुलतभाऊ एकत्र दिसले, तर मनात त्यांची बेरीज करावी आणि मग क्रम लावावा.

तेलाचं नाव आता मोघम ठेवता येत नाही, कुठलं तेल ते सांगावं लागतं. फरसाण, वेफर, बिस्कीट यांत बहुधा पाम किंवा पामोलिन सापडेल. त्यावर नाक मुरडण्याआधी आपल्या लाडक्या खोबरेलाबद्दल एक कडू गोष्ट ऐकून ठेवावी. पाम तेलात साधारण निम्मी चरबी संपृक्त प्रकारची असते, खोबरेल तेलात ८० ते ९० टक्के. संपृक्त चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. आमच्याकडे हे वाक्य जेवणाच्या पंगतीत उच्चारायची सोय नाही, तरी आकडे तेच राहतात.

नंबर दिसला की घाबरायचं का?

यादीच्या शेवटी 'ॲसिडिटी रेग्युलेटर (३३०)', 'प्रिझर्व्हेटिव्ह (२११)' असे नंबर येतात. त्यांना आयएनएस क्रमांक म्हणतात. पदार्थात बाहेरून मिसळायच्या प्रत्येक पूरक द्रव्याला जगभर एकच नंबर मिळावा म्हणून ही पद्धत काढली. नंबर म्हणजे विष, असा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. त्यात फार दम नाही. १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० म्हणजे लिंबात असतं तेच सायट्रिक ॲसिड, ४४० म्हणजे फळांतलं पेक्टिन, ५०० म्हणजे खायचा सोडा. लेसिथिन ३२२ बहुधा सोयाबीनमधून काढलेलं असतं.

मग कशाकडे बघायचं? माझ्या मते दोन गटांकडे.

पहिला, सल्फाइट: २२०, २२३, २२४. फळांचे रस, सरबतं, सुकवलेली फळं काळी पडू नयेत, आंबू नयेत म्हणून ही घालतात. बहुतेकांना त्रास होत नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने धाप लागू शकते. घरात दमेकरी असेल तर हा नंबर आधी शोधावा. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ते ॲलर्जीच्या सूचनेतही सांगावं लागतं.

दुसरा गट कृत्रिम रंगांचा: १०२, ११०, १२२, १२४. हे परवानगी असलेले रंग आहेत आणि त्यांना प्रमाणाची मर्यादा आहे. तरी कोकमाला मुळात निसर्गाने एवढा लाल रंग दिलेला असताना बाटलीत १२२ किंवा १२४ कशाला लागावा, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायलाच हवा. खरं कोकम उन्हात आणि काळाने थोडं तपकिरी होत जातं. वर्षभर लालभडक राहणारी बाटली मला तरी संशयास्पद वाटते.

'नो ॲडेड एमएसजी' असं मोठ्याने सांगणारं पाकीटही एकदा उलटून बघा. अजिनोमोटो नसतं, पण यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन, ६२७, ६३१ हे चव वाढवणारे त्याचेच सोबती असतात. ते धोकादायक आहेत असं नव्हे. पण सांगायचं एक आणि सुचवायचं दुसरं, ही तीच जुनी रीत झाली.

सोलकढीत दूध?

घटकांच्या खाली 'कन्टेन्स' अशी एक ओळ असते. ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे जीव, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, सोया आणि सल्फाइट यांपैकी काही असेल तर तिथे यायला हवं. ॲलर्जी असलेल्या माणसाला हीच ओळ सर्वांत कामाची.

मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत आता सोलकढी नारळाच्या दुधाच्या पावडरीपासून होते. त्या पावडरीत अनेकदा सोडियम केसिनेट असतं, म्हणजे गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन. पावडर पाण्यात नीट मिसळावी म्हणून ते घालतात. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला 'ही तर नारळाची आहे' म्हणून वाटीभर सोलकढी देणाऱ्या आजीची चूक काय? तिला ते कळावं अशी व्यवस्थाच नाही. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असलं की कायद्याचं भागतं. मराठी ऐच्छिक.

'घरचां हां, त्यात काय घालूक नाय'

टपरीवरच्या काकी हे वाक्य मनापासून म्हणतात आणि बहुधा ते खरंही असतं. आंबापोळीत आंब्याचा रस आणि साखर, खाज्यात बेसन, गूळ, आलं. पण 'घरगुती' हा शब्द म्हणजे परवाना नव्हे. छोट्या उद्योगालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि बंद पाकिटावर चौदा आकडी क्रमांक यावा लागतो. पहिला आकडा २ असेल तर ती छोट्या व्यावसायिकाची नोंदणी, १ असेल तर परवाना. बचत गटांच्या कितीतरी बायका हा क्रमांक रीतसर घेतात, शेजारचा दुकानदार घेत नाही, आणि गिऱ्हाईक दोघांच्या पिशव्या एकाच भावाने घासाघीस करत उचलतं. ते मला खटकतं.

सुट्या मालावर मात्र वाचायला काही नसतंच. बेकरीतली खारी, जत्रेतला लाडू, गाडीवरचं मंच्युरियन. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियन आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासणीत ऱ्होडामाइन-बी सापडलं होतं, जो खाण्याचा रंगच नाही. अशा ठिकाणी डोळा हेच लेबल. गडद गुलाबी आणि पेटत्या नारिंगी रंगाची कुठली भाजी आपल्या परसात उगवते, एवढं आठवलं तरी पुरे.

आकड्यांचा तक्ता आणि 'सर्विंग'ची गोम

घटकांशेजारी पोषणाचा तक्ता असतो. त्यातले आकडे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरला असतात, आणि पुढे एका सर्विंगमधून दिवसाच्या गरजेतला किती टक्के भाग मिळतो ते लिहितात. सर्विंग कंपनी ठरवते. ३० ग्रॅम फरसाण हे माप ज्याने काढलं, तो गणपतीत भजनाला कधी बसलेला नसावा. म्हणून १०० ग्रॅमचाच रकाना पाहावा आणि दोन पाकिटांची तुलना त्यावरच करावी.

मीठ तिथे सोडियम म्हणून येतं. सोडियमचे मिलिग्रॅम अडीचने गुणले की मीठ मिळतं. लेबलसाठी दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सोडियम धरली आहे, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, सपाट चमचाभर. सुकी मासळी, पापड, लोणचं, आगळ असं जेवण जेवणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर हा चमचा दुपारीच संपत असणार. वरून घातलेल्या साखरेसाठी आकडा आहे ५० ग्रॅम.

हे गणित दुकानात उभं राहून कोण करणार, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. म्हणून तर साखर, मीठ, चरबी जास्त असल्याचा इशारा पाकिटाच्या पुढेच छापावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. चिलीने २०१६ मध्येच काळे अष्टकोनी शिक्के आणले. आपल्याकडे २०२२ साली ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आला, त्यावर वाद झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तज्ज्ञ समितीला शिफारशी देण्यासाठी मुदत घालून दिली. तारे मला पटत नाहीत. वाईट पदार्थालाही दीड-दोन तारे मिळाले की ते बक्षीसच वाटतं. सरळ 'साखर जास्त' असं लिहावं. तोवर पहिले तीन घटक आणि 'कन्टेन्स'ची ओळ वाचावी, त्याला अर्धं मिनिट लागतं.

खोबरेल: खायचं की लावायचं?

आता स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे. मध्ये एक बाटली आहे जी दोन्हीकडे चालते. शुद्ध खोबरेल तेलाच्या लहान बाटल्या खाद्यतेल धरायच्या की केसांचं तेल, यावर वर्षानुवर्षं कराचा खटला चालला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा बाटल्या खाद्यतेल म्हणून गणता येतील. कर खाद्यतेलाला ५ टक्के होता आणि केसांच्या तेलाला १८.

गिऱ्हाइकाने यातून घ्यायचं ते एवढंच: बाटलीवर एफएसएसएआयचा क्रमांक आणि 'एडिबल' असेल तर ते खायचं तेल, डोक्यालाही चालतं. 'हेअर ऑइल' लिहिलेलं असेल तर तो सौंदर्यप्रसाधनांचा कायदा, आणि त्या यादीत पहिलं नाव बऱ्याचदा 'मिनरल ऑइल' किंवा 'लाइट लिक्विड पॅराफिन' असतं, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं. नाव मात्र बदामाचं, आवळ्याचं. ते केसाला अपाय करतं असं नाही. तळणीला मात्र चुकूनही नको.

सौंदर्यप्रसाधनांच्या यादीला एक पळवाट आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने, पण एक टक्का किंवा कमी असलेले कसेही लावता येतात. म्हणून क्रीमच्या यादीत केशर आणि कोरफड सुगंधाच्या आगेमागे दिसले, की ते नावापुरते आहेत असं समजावं.

साबणावर टीएफएम पाहावा, म्हणजे त्यातला एकूण स्निग्ध अंश. पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के लागतो. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीला ४० टक्केही पुरतात, म्हणून ती स्वस्त पडते आणि लवकर झिजते.

जिथे यादीच नसते

सगळ्यात कमी माहिती सगळ्यात जहाल वस्तूंवर असते, हे मला अजून पचलेलं नाही. फरशी पुसायचं द्रव, भांड्यांचं जेल, संडास साफ करायचं द्रव यांवर घटकांची पूर्ण यादी छापायची सक्ती नाही. वजन, किंमत, बनवल्याचा महिना, कंपनीचा पत्ता असला की झालं.

डासांच्या औषधांचं तसं नाही. ती कीटकनाशकांच्या १९६८च्या कायद्याखाली येतात. पाकिटावर औषधाचं नाव आणि टक्केवारी, सीआयबीचा (केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा) नोंदणी क्रमांक आणि विषारीपणाचा तिरपा रंगीत चौकोन लागतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पावसाळ्यात आठवडे बाजारात डास पळवणाऱ्या अगरबत्त्या येतात. त्यांवर सीआयबी क्रमांक नसेल तर त्या घेऊ नयेत, कारण धुरात काय आहे हे कुणी तपासलेलं नसतं.

संडासाच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. आणि कोकणातल्या खूप घरांत टीसीएल पावडर असते, पावसात विहिरीत टाकायला ग्रामपंचायत देते तीच. ती म्हणजे ब्लीचिंग पावडर. फरशीवरचे लाल डाग निघेनात म्हणून आधी टीसीएल टाकली आणि वर ॲसिड ओतलं, तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो फुप्फुसाला इजा करतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच जागी वापरू नयेत. चुकून मिसळलंच आणि घशात जळजळ सुरू झाली, तर आत पाणी ओतत थांबू नये. दार उघडं टाकून आधी बाहेर मोकळ्या हवेत यावं. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर सरळ दवाखाना गाठावा, आणि जाताना ती बाटली बरोबर न्यावी.